चौथीतला मुलगा पुस्तक घेतलं की उठून पळतो: डोळ्यांचं आहे की लक्षाचं?

सुईदोरा, यवतमाळ जिल्हा

नमस्कार. मी दारव्ह्याकडच्या एका खेड्यावरून लिहून राहिली. घरी शिलाई मशीन आहे, ब्लाऊज आणि शाळेचे ड्रेस शिवते, हंगामात वावरात पण जाते. मोठा मुलगा साडेनऊ वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे. प्रश्न त्याचाच आहे. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला अंदाज येणार नाही.

पुस्तक हातात घेतलं की पाच मिनिटं बरा वाचतो. मग डोळे चोळतो, मान तिरपी करतो, पाणी प्यायला उठतो, बकरीचं पिल्लू सुटलं का ते पाहून येतो. परत बसवलं की मघाचीच ओळ पुन्हा वाचतो, नाहीतर एक ओळ गाळून खालच्या ओळीवर जातो आणि गाळली हे त्याला समजत पण नाही. बोट ठेवून वाचायची सवय दुसरीत सुटायला पाहिजे होती, ती अजून आहे. वजाबाकी तोंडी विचारली तर चुलीपाशी बसल्या बसल्या सांगतो. वहीत मांडली की एका रकान्यातला आकडा दुसऱ्या रकान्यात जातो. संध्याकाळी "कपाळ दुखते" म्हणतो. मला वाटायचं, अभ्यास टाळायचं निमित्त आहे. त्यासाठी दोन-तीनदा मी त्याला मारलं पण आहे. ते आता मनाला लागते.

पालक सभेत गुरुजी म्हणाले, एका जागी बसत नाही, लक्षच नसते. दिवाळीच्या सुट्टीत तालुक्याच्या गावी एका खाजगी डॉक्टरकडे नेलं. तिथे हा खुर्चीवर फिरून राहिला होता, टेबलावरचं स्टेपलर उचललं. दहा मिनिटांत डॉक्टर म्हणाले, एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अति चंचलपणाचा विकार, आणि गोळी लिहून दिली. डोळ्यांचं विचारलं तर म्हणाले, तपासलेत ना? तपासले होते. पावसाळ्यात गावात शिबिर झालं होतं, तक्त्याची शेवटची ओळ त्याने धडाधड वाचली, कागदावर ६/६ लिहून दिलं. म्हणून मी पण डोळ्यांचा विचार सोडून दिला.

पण मागच्या आठवड्यात एक गोष्ट झाली. माझ्या सासूबाई गोधडी शिवतात, सुईत दोरा ओवायचं काम या पोराकडे असते. ओवताना तो एक डोळा घट्ट मिटतो. मी इतकी वर्षं मशीनवर बसते, मला ते कधी खटकलं नाही. त्या दिवशी सहज म्हटलं, दोन्ही डोळे उघडे ठेवून ओव बरं. तर म्हणते कसा, "आई, दोन सुया दिसते ना. कोनतीत टाकू?"

मी विचारलं, पुस्तकात पण असं होते का? म्हणाला, "हो, अक्षरं एकमेकाईवर चढते. साऱ्याईलेच तसं दिसते ना?"

तेव्हापासून मला झोप नाही. सुट्टीत आमच्यासोबत कापूस वेचायला आला होता. एकदा पात धरली की शेवटपर्यंत सोडत नव्हता, एक बोंड मागे राहू देत नव्हता. ज्याचं लक्षच लागत नाही, त्या पोराला हे कसं जमते?

गोळी आणून ठेवली आहे, अजून सुरू केली नाही. डोळ्यांमुळे असं होऊ शकते का? एडीएचडी असली तर मी उगाच वेळ घालवून राहिली का? याचे बाबा म्हणतात, पोट्टे असेच राहतात, मोठा झाला की समजते. नागपूर एका दिवसात जमत नाही. यवतमाळ जमते.

खडू_फळा, अकोला जिल्हा

ताई, मी बावीस वर्षांपासून जिल्हा परिषद शाळेवर आहे. मारल्याचं मनात धरून बसू नका. त्याने सांगितलंच नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही आहे हे त्यालाच माहीत नव्हतं. जन्मापासून जे तसंच दिसतं त्याची तक्रार मूल करत नाही.

तुमच्या गुरुजींनाही दोष देववत नाही. चाळीस पोरांच्या वर्गात उठणारं पोर दिसतं, त्याला अक्षरं कशी दिसतात ते आम्हाला दिसत नाही. मी स्वतः एका मुलीला दोन वर्षं आळशी समजत होतो.

एक काम करा. नवीन धडा तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा आणि दहा प्रश्न विचारा. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच लांबीचा दुसरा धडा त्याला स्वतः वाचू द्या, पुन्हा दहा प्रश्न. दोन्हींत फरक किती पडतो ते इथे सांगा. आणि गुरुजींना विचारा की तो उठतो कधी. फक्त वाचन-लेखनाच्या तासाला, की परिपाठात, खिचडीच्या रांगेत, गोष्ट ऐकतानासुद्धा? पंधरा दिवस वहीत मांडून ठेवा. डॉक्टर कोणताही असो, ती वही त्याला कामाची आहे.

शिवाय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतंच. त्यांच्या तपासणीच्या यादीत नजरही आहे आणि लक्ष न लागणंही आहे. मुख्याध्यापकांना सांगून संदर्भ चिठ्ठी घ्या. पुढची तपासणी जिल्ह्याला मोफत होते.

गावरान_इलाज

मोबाईल बंद करा, रोज भिजवलेले बदाम आणि गाजर द्या. रात्री डोळ्यांत शुद्ध मधाचा एक थेंब. आमच्या भाच्याचा चष्मा सुटला.

सुईदोरा

खडू_फळा सर, करून पाहिलं. मी वाचून दाखवलं तर दहापैकी नऊ बरोबर. स्वतः वाचलं तर चार, त्यातले दोन त्याने चित्र पाहून सांगितले. वाचायला लागला अर्धा तास, तीनदा उठला.

मोबाईल आमच्या घरी एकच आहे, तो याच्या बाबांसोबत वावरात असतो.

जुवाची_जोडी, वर्धा जिल्हा

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, तालुक्याच्या गावी डोळे तपासतो. पहिले एक: मध, गुलाबपाणी, दूध, काहीच डोळ्यांत घालू नका. मधाने बुबुळाला जखम झालेली लेकरं मी पाहिली आहेत.

आता शिबिराच्या कागदाबद्दल. तो ६/६ खोटा नाही. पण तक्ता सहा मीटरवर असतो आणि एक डोळा झाकून दुसरा तपासतात. म्हणजे प्रत्येक डोळ्याला लांबचं नीट दिसतं, एवढंच त्यातून कळलं. ताई, तुम्ही शेतातल्या आहात म्हणून असं सांगतो. दोन बैल वेगवेगळे चालवून पाहिले, दोघंही तगडे. म्हणून जोडी चांगली असेलच असं नाही. जुवाला जुंपले की एक बाहेर ओढतो आणि तास वाकडा जातो. ते जुंपल्याशिवाय समजत नाही. शिबिरात बैल तपासले, जोडी तपासलीच नाही.

पुस्तक हातभर अंतरावर असतं. तिथे पाहायचं तर दोन्ही डोळ्यांना सोबत आत, नाकाकडे वळावं लागतं आणि ओळभर तसंच धरून ठेवावं लागतं. काही मुलांना ते वळण पुरत नाही. त्याला कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी म्हणतात. मग अक्षर दुहेरी होतं, ओळ सुटते, कपाळ दुखतं, झोप येते. मूल एक डोळा मिटून घेतं, मान तिरपी करतं, नाहीतर सरळ उठून जातं. उठून गेलं की बरं वाटतं, म्हणून पुन्हा उठतं. कापसाचं बोंड मात्र मोठं असतं, नजर एका झाडावरून दुसऱ्यावर मोकळी फिरते, बारीक ओळ धरून ठेवायची नसते. तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर त्यात असू शकतं.

हे दुर्मिळ नाही. तामिळनाडूत ९२० शाळकरी मुलांची अशी तपासणी झाली होती, २०१७ साली ती प्रसिद्ध झाली. शहरातल्या मुलांत १६.५ टक्के आणि खेड्यातल्या मुलांत १७.६ टक्के जणांत हा दोष निघाला. म्हणजे तीसच्या वर्गात पाचेक मुलं. सगळ्यांना त्रास होतोच असं नाही.

एडीएचडीशी संबंध आहे का? अमेरिकेत सॅन डिएगोच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये हा दोष असलेल्या २६६ रुग्णांचे कागद तपासले. त्यांतल्या २६ जणांना कधी ना कधी एडीएचडीचं निदान झालेलं होतं. सर्वसाधारण लोकांत जेवढं सापडतं त्याच्या हे साधारण तिप्पट. पण त्यांनीच बजावलं की दोन गोष्टी सोबत सापडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं ठरत नाही. आणि २६६ मधल्या २४० जणांना एडीएचडी नव्हतीच, हेही ध्यानात ठेवा.

गोंधळ का होतो ते सांगतो, कारण माझाही झाला आहे. डोळ्यांच्या या दोषासाठी १५ प्रश्नांची एक यादी आम्ही वापरतो. त्यात असे प्रश्न आहेत: वाचताना लक्ष उडतं का, वाचलेलं आठवत नाही का. एडीएचडी असलेलं मूलही याला "हो" म्हणणार. तिकडे एडीएचडीच्या यादीत निष्काळजी चुका, अर्धवट सोडलेला अभ्यास, डोकं लावायच्या कामाची टाळाटाळ हे सगळं आहे. ज्याला दोन-दोन अक्षरं दिसतात त्या मुलाचे आईबाप तिथे "हो" म्हणणार. दोन्ही कागदांवर एकच पोर बसतं. म्हणून नुसत्या प्रश्नांवर भागत नाही, डोळे मोजावे लागतात.

यवतमाळला सरकारी मेडिकल कॉलेजच्या नेत्र विभागात जा. सेवाग्राम जमलं तर तिथेही नेत्र विभाग आणि मानसोपचार विभाग एकाच आवारात आहेत. तिथे असं सांगा: "लांबचं दिसते, जवळचं दुहेरी दिसते. थेंब टाकून नंबर पाहा आणि डोळे आत किती वळतात ते मोजा." थेंब टाकायचे कारण लहान मुलं प्लसचा नंबर (ज्यात जवळचं पाहायला डोळ्यांना जास्त जोर लागतो) जोर लावून लपवतात. मोजायला पट्टीवरचं चिन्ह हळूहळू नाकाकडे आणतात आणि कुठे दुहेरी होतं किंवा कोणता डोळा बाहेर सुटतो ते पाहतात. साध्या पेनाच्या टोकाने तुम्ही घरीही पाहू शकता, पण त्यावर निदान ठरवू नका.

इलाजाचं खरं तेच सांगतो. २००८ साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, ९ ते १७ वर्षांची २२१ मुलं, १२ आठवडे. दवाखान्यात आठवड्यातून एकदा तासभर व्यायाम आणि बाकी दिवस घरी, असं केलेल्यांपैकी ७३ टक्के मुलं बरी झाली किंवा सुधारली. घरीच नुसता पेन्सिल नाकाजवळ आणायचा व्यायाम केलेल्यांत ४३ टक्के, आणि खोटा व्यायाम (तुलनेसाठी दिलेला, दिसायला खऱ्यासारखा पण उपयोगाचा नसलेला) दिलेल्यांत ३५ टक्के. म्हणजे घरच्या पेन्सिलीचा जोर फार नाही. आपल्याकडे दर आठवड्याला कोण जाऊ शकतं, हे मलाही कळतं. निदान पंधरा दिवसांतून एकदा दाखवा, म्हणजे व्यायाम बरोबर चालला आहे का ते कळेल.

आणि २०१९ ची चाचणी मी प्रत्येक आईबापाला सांगतो, कारण नंतर निराश झालेले पाहवत नाहीत. ९ ते १४ वर्षांची ३११ मुलं, १६ आठवडे. डोळे जास्त चांगले वळायला लागले, पण वाचून समजण्याच्या परीक्षेत खऱ्या व्यायामाची मुलं खोट्या व्यायामाच्या मुलांच्या पुढे गेली नाहीत. डोळे सुधारले तर डोळ्यांचा त्रास जाईल. वाचायचं मागे राहिलेलं वेगळं भरून काढावं लागेल. कोणी हजारो रुपयांचं पॅकेज दाखवून "डोळ्यांच्या व्यायामाने एडीएचडी जाते" म्हणालं, तर उठून या.

एक सांगायचं राहिलं. दुहेरी दिसणं अचानक सुरू झालं असेल, लांबचंही दुहेरी दिसत असेल, सकाळी उठल्यावर डोकं दुखून उलटी होत असेल किंवा पापणी लोंबत असेल, तर तारीख-बिरीख पाहू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

तुरीच्या_शेंगा, बुलडाणा जिल्हा

वरचं सगळं पटलं. पण ताई, माझी बाजू पण ऐका, मी उलट्या वाटेनं जाऊन आलो.

माझी मुलगी अकरा वर्षांची. तिलाही हाच डोळ्यांचा दोष निघाला, आणि मला इतका आनंद झाला की विचारू नका. डोक्याचं काही नाही, डोळ्यांचंच आहे, असं गावभर सांगितलं. दीड वर्ष चष्मा, व्यायाम, नागपूरच्या चकरा. दुहेरी दिसणं थांबलं. पण चप्पल शाळेत विसरून अनवाणी येणं थांबलं नाही. ताटावरून चारदा उठायची. एसटीत खिडकीबाहेर पाहता पाहता दोन थांबे पुढे जायची. रस्ता न पाहता धावायची, एकदा ट्रॅक्टरखाली येता येता वाचली. तिथे कुठे पुस्तक होतं?

शेवटी मानसोपचार तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी दहा मिनिटांत काही ठरवलं नाही. तीन भेटी घेतल्या, शाळेसाठी वेगळा फॉर्म दिला. घरी आणि शाळेत, दोन्हीकडे दिसतं का, सहा महिन्यांच्या वर झाले का, बारा वर्षांच्या आधीपासून आहे का, हे सगळं विचारलं. तिला दोन्ही होतं, डोळ्यांचंही आणि एडीएचडीही. गोळी सुरू झाली. दुपारी भूक लागत नाही, म्हणून सकाळी गोळीआधी पोटभर भाकर-दूध आणि रात्री पुन्हा नीट जेवण देतो. दर भेटीला उंची-वजन मोजतात. आता रस्ता ओलांडताना थांबते. मला तेवढं पुष्कळ आहे.

दीड वर्ष मी गोळीला भ्यालो. लोक काय म्हणतील, याला भ्यालो. तुम्ही डोळे तपासाच, पण दुसरी तपासणी त्यासाठी अडवून ठेवू नका. आणि गोळी सुरू करणं किंवा बंद करणं इथे आम्हाला विचारून नाही, नीट वेळ देणाऱ्या डॉक्टरला विचारून ठरवा. जाणं जमत नसेल तोवर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात.

सुईदोरा

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू. सहा आठवड्यांनी लिहून राहिली, कारण तूर सोंगायची होती आणि लग्नसराईचे ब्लाऊज होते.

यवतमाळला सकाळच्या एसटीने गेलो. जुवाची_जोडी भाऊ, तुमचं वाक्य कागदावर लिहून नेलं होतं, ते तसंच खिडकीवर वाचून दाखवलं. थेंब टाकले, थोडा प्लसचा नंबर निघाला, पण चष्मा लागण्याएवढा नाही म्हणाल्या. मग दुसऱ्या दिवशी बोलावून पट्टी लावली. मॅडमनी मला बाजूला उभं करून दाखवलं. चिन्ह नाकाकडे येत होतं आणि एका जागी उजवा डोळा हळूच बाहेर सरकला, जसा हातातून दोरा निसटतो. १६ सेंटिमीटर लिहिलं. म्हणाल्या, या वयात याच्या निम्म्याहून जवळ यायला पाहिजे. मी तिथेच रडली. पोरगा मला म्हणते, "आई, मले काही दुखलं नाही."

दोरी आणि मण्यांचा व्यायाम शिकवला. मणी आणायला मी बाजारात गेली नाही, ब्लाऊजची तीन मोठी बटणं घेतली, लाल, हिरवं, पिवळं, आणि जाड दोऱ्यात ओवली. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं त्याच्या नाकापाशी. ज्या बटणावर पाहायचं तिथे दोन दोरे एकमेकांना कापताना दिसले पाहिजेत. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं, दिवाबत्तीच्या आधी. सासूबाई समोर बसून मोजतात. पंधरा दिवसांनी एकदा दाखवून येतो. मागच्या वेळी १६ चे १० झाले होते. कपाळ दुखणं आठवड्यातून एखाद्या वेळी. बसतो बारा-पंधरा मिनिटं.

पण तुरीच्या_शेंगा भाऊ, तुमचं पण खरं निघालं असं वाटते. गुरुजींनी पंधरा दिवसांची वही मन लावून भरली. वाचनाच्या तासाला सगळ्यात जास्त उठतो, हे खरं. पण गोष्ट ऐकताना पण बाहेर पाहतो, डबा विसरतो, मधेच बोलतो, असं पण त्यांनी लिहिलं आहे. कापसाच्या वेळचं मी मोठ्या भरवशाने सांगितलं होतं. मानसोपचारच्या डॉक्टरांनी सांगितलं की आवडीच्या, हातापायाच्या कामात अशी मुलं बसतात, त्यावरून ठरत नाही. त्यांनी दोन फॉर्म दिले, डोळ्यांचे कागद पाहिले, आणि डोळ्यांच्या व्यायामाचे तीन महिने पूर्ण झाले की पुन्हा बोलावलं आहे. तोवर गोळी नको म्हणाले. ती तालुक्याहून आणलेली मी त्यांच्यासमोर ठेवली. फेकली नाही, सुरू पण केली नाही.

याचे बाबा दुसऱ्या फेरीला सोबत आले. पट्टीवर डोळा सरकताना त्यांनी पण पाहिला. घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत, रात्री त्याच्या पुस्तकाला कव्हर घालून दिलं.

खडू_फळा सर, एक विचारायचं होतं. वाचताना ओळीखाली पट्टी ठेवली तर त्याची ओळ सुटत नाही. परीक्षेत ठेवू देतात का?

खडू_फळा

चौथीच्या परीक्षेत कोणी अडवणार नाही, तरी गुरुजींच्या कानावर आधीच घाला. प्लॅस्टिकची पट्टी चकाकते, पुठ्ठ्याची कापून द्या, बोटभर रुंद आणि पानाएवढी लांब. दोन कापा, एक हरवेल.